काटाच तं आहे!

वाङ्मय मंडळाने या अंकासाठी 'जखम' हा विषय दिला आणि आठवड्याभरात कवितांचा गठ्ठा जमा झाला. सगळ्या जखमा मनाच्या. वाईट नाहीत, काही तर खरंच चांगल्या आहेत. पण माझ्या डोळ्यांसमोर विषय ऐकल्याबरोबर आली ती आमच्या आबाजींची उजवी टाच. म्हणून मी टाचेवरच लिहिते.

मी सौंसरकडची. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा निघाला, त्यात पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके आले. कागदोपत्री मध्य प्रदेश, घरात मराठी, बाजार आणि मोठा दवाखाना नागपूर. हॉस्टेलमध्ये पांढुर्ण्याचं नाव काढलं की हमखास एक प्रश्न येतो, "म्हणजे ते गोटमारवालं ना?" हो, तेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव असे दोन्ही काठांवरून गोटे चालतात. शेकडो लोक जखमी होतात. त्या दिवशी नदीकाठी डॉक्टर असतात, ॲम्बुलन्स असतात, पोलीस असतात, टीव्हीवाले असतात. डोकं फुटलं की पाचव्या मिनिटाला पट्टी.

उरलेल्या ३६४ दिवसांचं काय, हा माझा प्रश्न. कारण आमच्याकडे माणसाला जखम व्हायला गोटमार लागत नाही. वावर पुरतं.

पावसाळा लागला की निंदण सुरू. खुरपं उजव्या हातात, गवताची मूठ डाव्या हातात. म्हणून कापतो तो नेहमी डावा हात, बहुतेकदा पहिलं बोट. सोयाबीनच्या सोंगणीत विळा येतो, तिथेही तेच. आमच्याकडच्या बायकांच्या डाव्या हाताची बोटं पाहा, प्रत्येक बोटावर एकेका वर्षाची खूण सापडेल. मग कापूस. कापूस मऊ असतो हे ज्याने वेचला नाही त्याचं मत. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात आणि ती नेमकी नखाच्या कडेला शिरतात, म्हणून वेचणाऱ्या बायका बोटांना चिंध्या गुंडाळतात. तूर कापल्यावर जमिनीत जे धसकट उरतं, ते तिरकं कापलेलं असतं, म्हणजे भाल्याचं टोकच. ते स्लिपरच्या आरपार जातं. संत्र्याच्या बगिच्यात वेगळी तऱ्हा. आपलं नागपुरी संत्रं हे जंबेरीच्या नाहीतर रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा बांधून केलेलं असतं, आणि त्या खुंटाला खालून जे फुटवे येतात त्यांना चांगले लांब काटे असतात. ते छाटायला वाकलं की एक तरी काटा मनगटाला लागतो. वरूड, शेंदुरजना घाटाकडच्या रोपवाटिकांत डोळे बांधणाऱ्या माणसांचे अंगठे पाहिलेत? चाकू धारदार, काम झपाट्याचं. शिवाय बैलाच्या तुतारीची आर, कुंपणाची तार, घरात पावशी. यादी संपत नाही.

यातल्या कशालाच आम्ही 'अपघात' म्हणत नाही. अपघात म्हणजे ट्रकचा. हे म्हणजे 'लागलं'. गंमत अशी की जागतिक आरोग्य संघटनेने रोग आणि इजा यांची जी जागतिक यादी केली आहे, तिच्या दहाव्या आवृत्तीत काट्याला स्वतंत्र क्रमांक आहे. डब्ल्यू ६०, म्हणजे झाडाचे काटे, अणकुचीदार भाग आणि धारदार पानं यांच्याशी आलेला संपर्क. चाकूला वेगळा, बिनइंजिनाच्या हत्यारांना वेगळा, शेतीच्या यंत्रांना वेगळा. कुणीतरी कुठेतरी बसून काट्याचाही विचार केला होता, हे वाचून मला उगाच बरं वाटलं. आमच्या चिठ्ठीवर मात्र हिंदीत तीनच शब्द होते, "पैर में काँटा".

तर आबाजींचा काटा. मी नववीत होते, जानेवारीचे दिवस. गोठ्याच्या मागे बाभळीच्या काट्यांचा ढीग होता, कुंपणाला लावायला आणलेला. आबाजी शेण भरता भरता अनवाणी त्यावरून गेले. लंगडत ओसरीवर येऊन बसले.

"आबाजी, पाय दाखवा."

"अवं काटाच तं आहे. निघते."

"निघते म्हणजे कव्हा? दाखवा ना."

मला काटा काढता यायचा आणि त्याचा मला गर्व होता. आजीच्या गोधडीची सुई घेतली, दिव्यावर धरली, टाच टोकरली आणि बोटाच्या पेराएवढा काटा अख्खा बाहेर काढला. रक्त एक थेंब. आजीने वरून बिब्ब्याचा चटका दिला, मी हळद दाबली, आबाजी म्हणाले, "पोट्टी डॉक्टर होते वाटते." दुसऱ्या दिवशी ते वावरात. आठवड्याभरात भोक बुजलं. आम्ही सगळे विसरलो.

नवव्या दिवशी त्यांना भाकरी चावता येईना. दाढ दुखत असेल म्हणून दाढेच्या गोळ्या आणल्या. एकाने तपासून तीच सांगितली होती, दाढ. दहाव्या दिवशी तोंड बोटभरच उघडत होतं, मान आखडली. रात्री स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि आबाजींचं अख्खं शरीर खाटेवर मागच्या बाजूला वाकलं, डोकं आणि टाचा तेवढ्या टेकलेल्या. ते पूर्ण शुद्धीवर होते. माझ्याकडे पाहत होते. चेहऱ्यावर हसू असल्यासारखं दिसत होतं, ते हसू नव्हतं.

धनुर्वात हा शब्द मी परीक्षेत लिहिला होता. त्यातलं धनुष्य काय असतं ते त्या रात्री पाहिलं. सुश्रुतसंहितेत याला 'धनुस्तंभ' म्हटलंय, म्हणजे दीड-दोन हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी हेच पाहिलं होतं आणि त्यालाही धनुष्यच आठवलं.

आता हे नेमकं काय होतं ते सांगते, कारण नंतर मी ते वेड्यासारखं वाचलं. याचा जंतू मातीत असतो, त्यातही शेणखताच्या मातीत जास्त, कारण तो जनावरांच्या आतड्यांतून येतो. तो बीजाणू करून राहतो, म्हणजे स्वतःभोवती टणक कवच करून झोपून जातो. असा तो वर्षानुवर्षं टिकतो, उन्हाने मरत नाही, नुसत्या उकळण्यानेही खात्रीने मरत नाही. (माझी दिव्यावरची सुई तुम्हाला आठवली असेल. पण सुईचा काही दोष नाही, बीजाणू काट्याबरोबरच आत गेले होते.) या जंतूला हवा चालत नाही. मोठी उघडी जखम असेल, रक्त वाहून जात असेल, हवा लागत असेल तर त्याचं फारसं जमत नाही. काट्याने केलेलं बारीक, खोल, वरून लगेच बुजणारं भोक हे त्याचं आवडतं घर. म्हणजे आपण ज्याला 'मोठी जखम' म्हणून घाबरतो आणि ज्याला 'काटाच तं आहे' म्हणतो, त्यांचा हिशेब इथे उलटा आहे.

गंजाचंही असंच. लहानपणापासून ऐकतो, गंजलेला खिळा लागला की धनुर्वात. गंजाने काही होत नाही. गंजलेला खिळा मातीत पडलेला असतो आणि खोल जातो, एवढाच त्याचा गुन्हा. चकचकीत नवा खिळा शेणात बुडवून पायात घुसला तर तोही तेवढाच वाईट, आणि बाभळीच्या काट्याला तर गंज चढतच नाही.

आत जंतू जागे झाले की विष तयार करतात. ते नसांच्या वाटेने मज्जारज्जूपर्यंत चढतं. आपल्या स्नायूंना 'आवळ' सांगणाऱ्या नसा असतात तशा 'पुरे, आता सोड' सांगणाऱ्याही असतात. हे विष त्या दुसऱ्यांचं तोंड बंद करतं. मग आवळणं चालू राहतं, सोडणं होत नाही. उजेड, आवाज, कुणाचा हात लागणं, कशानेही झटका येतो. जखमेपासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ३ ते २१ दिवस जातात, त्यामुळे माणूस डॉक्टरला दाढ सांगतो, काटा सांगत नाही. आणि एकदा विष नसेला चिकटलं की ते काढता येत नाही. औषध देतात ते अजून न चिकटलेल्या विषासाठी. बाकी शरीराने स्वतः सावरेपर्यंत माणसाला जिवंत ठेवायचं, एवढंच हातात राहतं.

आबाजींना त्याच रात्री गाडी करून नागपूरला नेलं. खोलीत अंधार, दाराच्या फटीला कापड, चपला बाहेर. महिनाभर ते तिथे होते, त्यातले बरेच दिवस श्वासाच्या मशीनवर. वाचले. दोन एकर गहाण पडले ते वेगळं.

तिथल्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी बाबांना विचारलं होतं, "यांनी पूर्वी धनुर्वाताची लस कधी घेतली?" बाबांनी सांगितलं, कधीच नाही. मग डॉक्टर बाबांनाच म्हणाले, "आणि तुम्ही?" बाबा गप्प. आई मागून म्हणाली, "मले दोन खेपेले देली. दोघी पोरींच्या वेळेस."

या लेखात मला खरं सांगायचंय ते इथे आहे. भारतात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७८ ला सुरू झाला आणि १९८५ पासून तो सार्वत्रिक झाला. तो मुलांसाठी आणि गरोदर बायांसाठी होता, आणि त्याचं कारणही तसंच भयंकर होतं. पूर्वी घरी बाळंतपण व्हायचं, नाळ कापायला घरातला विळा किंवा पातं, आणि वरून काही ठिकाणी शेण नाहीतर राख. बाळ पहिले काही दिवस दूध प्यायचं, आठवड्याच्या आसपास ओढणं बंद व्हायचं, मग झटके. तोही धनुर्वातच, धारदार वस्तूतूनच आलेला. आईला लस दिली की तिचं संरक्षण पोटातल्या बाळाला मिळतं. या कामामुळे २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. खूप मोठी गोष्ट आहे ही. पण मातीतला जंतू तसाच आहे. तो देवीसारखा पुसून टाकता येत नाही, कारण तो माणसाकडून माणसाला होत नाही. आणि या सगळ्या हिशेबात आबाजी कुठेच नव्हते. लहान असताना कार्यक्रम नव्हता, गरोदर ते होणार नव्हते. वावरात सगळ्यांत जास्त अनवाणी फिरणारी पिढी, तिलाच लस नाही.

"पण लागल्यावर टी.टी. घेतात ना सगळे?" असं माझ्या रूममेटने विचारलं. घेतात. आणि तिथेच घोटाळा आहे. लोकांना वाटतं ते इंजेक्शन जखमेवरचं औषध आहे, घेतलं की या जखमेचं काम झालं. ते औषध नाही, लस आहे. लस म्हणजे शरीराला शत्रूची ओळख करून देणं, आणि ज्याने आधी कधीच लस घेतली नाही त्याच्या शरीराला पहिल्या ओळखीतून फारसं काही जमत नाही. पहिला डोस, मग साधारण महिन्याने दुसरा, त्यानंतर सहा महिने ते वर्षभरात तिसरा, तेव्हा कुठे पाया होतो. पाया झालेल्याला मात्र एकच डोस दिला की शरीराला जुनी ओळख आठवते आणि ते झटकन कामाला लागतं. म्हणून डॉक्टर विचारतात शेवटचा डोस कधी घेतला. साध्या स्वच्छ जखमेला तो १० वर्षांच्या आत असेल तर नवा लागत नाही, माती-शेणाच्या किंवा खोल जखमेला ५ वर्षांच्या आत पाहिजे. आणि ज्याचे तीन डोस कधीच झाले नाहीत किंवा आठवतच नाहीत, त्याला अशा घाणेरड्या जखमेनंतर लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शन लागतं. ते लगेच काम करतं, पण थोडे आठवडेच टिकतं. ही तयार प्रतिपिंडांची कल्पना १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी बर्लिनमध्ये मांडली. म्हणजे आबाजींच्या टाचेपेक्षा शंभरहून जास्त वर्षं जुनी.

आता टी.टी. म्हणतो त्याऐवजी सरकारी कार्यक्रमात २०१९ पासून टीडी देतात, त्यात घटसर्पाचंही संरक्षण आहे. १० आणि १६ वर्षांच्या वयाला तो मिळतो. हा लेख वाचणाऱ्यांपैकी किती जणांनी सोळाव्या वर्षाचा घेतला? मी आमच्या मजल्यावर विचारत फिरले. आकडा सांगत नाही, लाज वाटेल.

जखम झाल्याबरोबर काय करायचं हे तसं सोपं आहे, पण आमच्या गावात नेमकं उलटं करतात, म्हणून सांगते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून दहा मिनिटं दाबायचं, मध्ये मध्ये उचलून पाहायचं नाही. थांबलं की वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, चांगलं पाच मिनिटं. धुणं हेच अर्धं औषध. हळद, चहापत्ती, चुना, तंबाखू यातलं काही नको. जखमेत नवीन घाण जाते आणि आतलं डॉक्टरला दिसतही नाही. बिब्बा कातडी जाळतो, आणि भोकाचं तोंड बुजवून आपण त्या जंतूला दार लावून देतो. कंबरमोडीच्या पाल्याचं विचाराल, तर प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने जखम भरायला मदत झाल्याचं दिसलंय, आजी अगदीच चुकीची नव्हती. पण बांधावरचा पाला मातीच्या हातावर चोळून पिळला तर रसाबरोबर मातीही जाते. मोठी वस्तू रुतून बसली असेल तर ओढून काढायची नाही, तशीच आधार देऊन दवाखान्यात जायचं. आणि डोळ्याला पऱ्हाटीचं टोक किंवा पान लागलं तर चोळणं नाही, मेडिकलवाल्याला विचारून थेंब टाकणं तर अजिबात नाही. झाडपाल्याच्या इजेनंतर डोळ्यात बुरशी वाढू शकते आणि चुकीच्या थेंबाने ती फोफावते.

विळ्याने बोट कापलं आणि रक्त थांबलं तरी एक गोष्ट पाहायची. त्या बोटाचं प्रत्येक पेर वेगळं वाकवून बघायचं, टोकाला स्पर्श कळतो का ते बघायचं. वाकत नसेल तर आतला दोर तुटला आहे. वरून टाका घालून तो जुळत नाही. आमच्या शेजारच्या काकूंचं बोट असंच सरळ राहिलं, आता पावशीवर भाजी चिरताना ते एकटंच वर उभं असतं.

कुट्टी मशीनचं तर बोलायलाच नको. मळणीयंत्रांमुळे इतके हात गेले की १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांसाठी केंद्राला कायदा करावा लागला. कडबा कापायच्या यंत्रावर आयआयटी दिल्लीच्या दिनेश मोहन यांनी काम केलं. हात पात्यापर्यंत जाण्याआधीच कळावं म्हणून पुढे एक रूळ, पात्याला झाकण, काम नसताना चाक अडकवायला खिट्टी. साध्या, स्वस्त गोष्टी. आमच्याकडच्या मशीनला यातलं काही नाही, आणि शाळेतून आलेली पोरं चाक फिरवायला धावतात. बोट तुटलंच तर ते धुवून ओल्या स्वच्छ कापडात, ते प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात ठेवायची. बोट थेट बर्फात ठेवायचं नाही.

अजून एक, काटा आत राहून गेला तर. महिन्यांनी, कधी वर्षांनी पायाला न दुखणारी गाठ येते, त्यातून भोकं पडतात आणि दाणे बाहेर येतात. मदुरैच्या नावावरून याला 'मदुरा फूट' म्हणतात. याचा नीट अभ्यास केला तो मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी. १८५८ च्या प्रसिद्ध 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'तली चित्रं काढणारे तेच हे कार्टर. १८७४ मध्ये त्यांनी या रोगावर पुस्तक लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं ते २०१६ मध्ये. अनवाणी माणसांच्या रोगाला यादीत शिरायला एवढा वेळ लागला.

आबाजींना सुट्टी देताना डॉक्टरांनी लस दिली आणि पुढच्या तारखा लिहून दिल्या. आजीला ते पटेना. "आता होऊन गेला ना बाप्पा, आता काहून?" गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही, तसं तिला वाटत होतं. धनुर्वाताचं तसं नाही. माणसाला मारायला जेवढं विष पुरतं ते इतकं थोडं असतं की शरीराला त्याची ओळखच पटत नाही. एकदा होऊन वाचलेल्याला पुन्हा होऊ शकतो.

मग दुसऱ्या डोसाला मी बाबांनाही ओढून नेलं. आबाजी खुर्चीवर, बाबा स्टुलावर, दोघांच्या बाह्या वर केलेल्या. बाबा सुईकडे पाहून तोंड फिरवत होते. आबाजी म्हणाले, "काहून भेते रे, काटाच तं आहे."

तिसरा डोस पुढच्या पोळ्याच्या आधी झाला. चपला मात्र ते अजूनही गोठ्याच्या बाहेरच काढतात. आत लक्ष्मी आहे म्हणे.